पोटाकडून ओळखायचे मासे

"हे दोघं एक नव्हेत," आई म्हणाली आणि माझ्या पुस्तिकेतल्या चौदाव्या पानावर तिनं ओलं बोट टेकवलं. कागद फुगला.

"आई, हात तरी पूस."

"पुसते गं. पण एक नव्हेत. हा शिंगू नदीचा, हा इरिरी नदीचा."

शनिवार होता. आल्तामिरातलं दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. आईच्या पुढच्या खोलीत काचेच्या सहा टाक्या होत्या. सहावी टीव्हीच्या जागी होती, कारण टीव्हीत रोज तेच तेच दाखवतात आणि टाकीत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

मी विद्यापीठात मासे शिकवते. घरच्या टाकीतले दाढीवाले कसे ओळखावेत, यावर हौशी लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली होती आणि पहिली प्रत तिला आणून दिली होती. दाढीवाला म्हणजे आमच्या नद्यांत दगडाला तोंड लावून राहणारा काळसर मासा. नराच्या नाकाडावर मांसल फांद्या फुटतात, झाडाच्या मुळांसारख्या. त्या फांद्या पाहून जात सांगणं त्यामानानं सोपं. माद्यांना आणि पिल्लांना ही दाढी नसते, आणि सगळे फसतात ते तिथंच.

"मिशा नसल्या की कोण ढुंकून बघतंय," आई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

"दोन्ही एकच जात आहे," मी म्हणाले. "पांढऱ्या काठाचा. पाण्याप्रमाणे रंग जरा बदलतो, इतकंच. वीस मासे तपासलेत मी."

"वरून?"

"फोटो वरूनच काढतात, आई."

"मग तुझं बरोबर. वरून मलाही एकच दिसतात." तिनं बुटकं स्टूल टाकीसमोर ओढलं. "पाठ काय, बसेल त्या दगडासारखी होते. पोट बघावं. बस इथं. येईल आत्ता काचेवर."

"मला चारला बैठक आहे."

"मासा काय तुझ्या बैठकीला निघालाय? बस."

मी बसले नाही. उभ्यानंच आसाईच्या फळांचा रस प्यायले. ती पुस्तिका चाळत शेवटच्या पानावर, आभारांपाशी आली. चौथीपर्यंत शिकलेली ती. बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली. दोन प्राध्यापक, तीन पाणबुडे, मासे परदेशी पाठवणारे आबीलियोशेठ.

"आबीलियोचं नाव छापलंस. फुगेल आता तो, बेडकासारखा."

मग तिनं बोट शेवटच्या नावाखाली, कोऱ्या जागेवरून सरकवत नेलं आणि पान मिटलं. मला डब्यात तळलेला मासा आणि कसावाचं भाजलेलं पीठ बांधून दिलं. "छान झालंय पुस्तक," म्हणाली.

रविवारी सकाळी कॉफी गाळताना ती ओट्याशीच खाली बसली. शेजारीण आली तेव्हा ती गेलेली होती.

आबीलियोशेठच्या शेडमध्ये आईनं सव्वीस वर्षं मासे निवडले. पाणबुडे तोंडात हवेची नळी धरून तळाशी जातात, कपारीतून मासे काढतात आणि टब भरून शेडमध्ये आणतात. तिथं निवडणारीनं एकेक मासा बघून त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं आणि टबाशी बसलेल्या माणसानं तेच नाव मागून म्हणत मासा त्या त्या टबात सोडायचा. लहानपणी शाळा सुटल्यावर मी शेडच्या दारात बसून हे ऐकायची. नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. विद्यापीठात कुणी विचारलं, की मी सांगायची, आई घरीच असते.

आईच्या सातव्या दिवसाची प्रार्थना संपली तेव्हा चर्चच्या पायरीवर आबीलियोशेठ टोपी हातात घेऊन उभे होते. मला ते लहानपणापासून ओदी म्हणत. पदवी मिळाल्यापासून डॉक्टर म्हणायला लागले होते.

"डॉक्टर, आज बोलायचा दिवस नव्हे. पण आठवडाभर दोन टब तसेच पडलेत. उद्याच्या विमानानं जायला हवेत. कोणता कुठल्या नदीचा, आमच्यात कुणाला कळेना."

"कळेना काय? सगळे शिंगूचेच आहेत," जुरांदीर म्हणाला. तो पाणबुड्या.

"गेल्या रविवारी इरिरीवर होडी कुणाची होती रे? मावशी असती तर कान उपटला असता तुझा," शेठ म्हणाले. शेडमध्ये आईला सगळे मावशीच म्हणत.

"मावशीनं उपटून उपटूनच हा एक लांब झालाय," जुरांदीर म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

निवडल्याशिवाय का पाठवायचे नाहीत, ते मला ठाऊक होतं. दोन नद्यांचे मासे एका खोक्यातून गेले, तर दूर कुठं कुणाच्या तरी टाकीत त्यांची जोडी जमते. होणारी पिल्लं ना या नदीची ना त्या नदीची. आईला ते सहन व्हायचं नाही. मी शेडमध्ये गेले.

तिच्या जागेवर बसले. समोर निवडायची पेटी होती. काचेची, वहीएवढी अरुंद. पहिला मासा सोडला. तो गोल फिरला आणि माझ्या बाजूच्या काचेला तोंड लावून स्थिर झाला. मी त्याचं पोट पाहिलं. त्यावर चाळणीतून पीठ सांडावं तसे बारीक फिके ठिपके होते. दुसरा सोडला. त्याचं पोट कोरं, पाटीसारखं निळसर.

मी पाठीवरचा पर उलगडला, भिंग लावलं आणि काटे मोजले. ठिपकेवाल्याला नऊ. कोऱ्याला सात. पुढचा घेतला. ठिपके, नऊ. कोरा, सात. मी मोजत राहिले. जुरांदीरनं दोनदा पाणी बदललं. चाळीस मासे झाले आणि एकही चुकला नाही.

माझ्या पुस्तिकेत मी लिहिलं होतं, 'पाठीच्या परात सात ते नऊ काटे.' वीस मासे मोजले होते, त्यांत काहींना सात होते, काहींना नऊ. आठ कुणालाच नव्हते. नऊवाले सगळे शिंगूत पकडलेले, सातवाले इरिरीत. मी ते पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या न सापडलेल्या आठच्या जागी दोन नद्या एकमेकींपासून वेगळ्या होत होत्या. माझी आई रोज तिथं बसून एका श्वासात त्या वेगळ्या करत होती. भिंगाशिवाय. काटे मोजतात हे तिला माहीतही नसेल. माझ्या हातातला मासा हळूहळू तोंड उघडत होता, मिटत होता. मला त्याच्यावरून नजर काढवेना.

"पुकारा, डॉक्टर," जुरांदीर हळूच म्हणाला.

मी पुकारायला लागले. शिंगू. इरिरी. इरिरी. शिंगू. तो मागून म्हणत गेला. बाकीचे पाणबुडेही जवळ येऊन उभे राहिले.

तळाला पिल्लं राहिली होती. नखाएवढी. पर इतके नाजूक, की उलगडले तर फाटले असते. मी एक पेटीत सोडलं. ते काचेला चिकटलं. पोट आरपार, आतलं आतडं दिसत होतं. ना ठिपके, ना पाटी. मी खूप वेळ पाहिलं.

"झुल्मीरामावशी यांनाही पुकारायच्या," जुरांदीर म्हणाला.

"चुकायची?"

"कधीच नाही."

आबीलियोशेठनं घसा खाकरला. "पुस्तकात काय लिहिलंय, डॉक्टर?"

"पुस्तकात चूक आहे. तिनं शनिवारी दाखवली होती. मी ऐकून घेतलं नाही." पिल्लू तसंच काचेवर होतं. "याचं मला कळत नाही, शेठ. ही पिल्लं पाठवू नका. मोठी होऊ द्यात."

टबाशी बसलेला जुरांदीर माझ्या तोंडाकडे पाहत होता, पुढचं नाव मागून म्हणण्यासाठी.

शेडच्या टोकापर्यंत जावा तसा आवाज काढून मी म्हणाले, "मला मासे ओळखायला माझ्या आईनं शिकवलं. इथं. तिचं नाव झुल्मीरा."