उभी गादी

मी एक गादी. साधीसुधी नव्हे हं, ऑर्थोपेडिक. तसं माझ्या अंगावर सोनेरी धाग्यानं लिहिलंय, आणि प्लॅस्टिकमधूनही ते वाचता येतं. हो, प्लॅस्टिक अजून आहे. त्या प्लॅस्टिकनं माझा किती छळ मांडला ते सांगेनच.

मेरिदा शहरातल्या एका दुकानात मी वर्षभर पडून होते. तिथे माणसांची एक गंमत पाहिली. चप्पल घेताना माणूस दुकानभर चालून बघतो. गादी घेताना मात्र बूट घालून कडेला टेकतो, दोनदा बूड आपटतो, एक बुक्की मारतो आणि म्हणतो, "छान आहे." झालं! पुढची दहा वर्षं कण्याचं काय व्हायचं ते होवो.

लँडीनं तेवढंही केलं नाही. मेरिदातल्या एका दवाखान्यात ती कागदपत्रं सांभाळते. तिनं नुसतं विचारलं, "सगळ्यात कडक कुठली? आईची पाठ आठ वर्षं दुखतेय."

"आई झोपतात कशा? पाठीवर, कुशीवर की पालथ्या?" विक्रेत्यानं विचारलं.

"तिरकी," लँडी म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली, तो हसला. मीही हसले. नंतर कळलं की पोरगी अक्षरशः खरं बोलत होती.

लँडीचं गाव मेरिदापासून तासाभरावर. तिथे घरोघरी सुताच्या झोळ्या विणतात आणि त्यातच झोपतात. दोन भिंतींना दोन कड्या आणि मधे टांगलेली झोळी, हाच पलंग. माणूस झोळीत जन्मतो, आजारी पडतो आणि मरतोही झोळीतच. त्या गावात मी पोचले तेव्हा पोरंबाळं हत्ती आल्यासारखी मागे धावली. लँडीच्या आईनं, लालानं, दारात येऊन मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! झोळ्या विणणारीच्या घरी गादी? गिऱ्हाईक काय म्हणेल गं मला?"

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. तुझी पाठ बघ आधी," लँडी म्हणाली.

पाठीला घाईही तशीच होती. लँडीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. त्या गावात नवरी आईच्या हातची झोळी घेऊनच सासरी जाते. नाही नेली तर आत्या-मावश्या जन्मभर ऐकवतात. लालानं लेकीसाठी दोघं ऐसपैस मावतील अशी झोळी विणायला घेतली होती, पांढरी आणि डाळिंबी. ती अर्धी होऊन विणायच्या चौकटीवर अडकली होती, कारण झोळी उभ्यानं विणावी लागते आणि लालाला दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं. म्हणजे माझं काम काय, तर लालाला बरं करायचं, म्हणजे ती झोळी पुरी करील. गादीनं झोळीसाठी राबायचं! पण ऑर्थोपेडिक झाले तरी मी गादीच, नाही म्हणायची सोय कुठली?

पहिल्याच रात्री घोळ सुरू झाला. घरात खाट नव्हती, म्हणून मला जमिनीवर घातलं. लालाचा नवरा मेलितोन मोठा टापटिपीचा. लँडी प्लॅस्टिक फाडायला गेली तर हा ओरडला, "हात लावू नकोस! नवी वस्तू आहे, डाग पडेल!" बाहेर उकाडा असा की कोंबड्या चोची उघड्या टाकून बसलेल्या, आणि लाला बिचारी प्लॅस्टिकवर घामानं निथळतेय. कूस बदलली की मी कर्रकर्र वाजायचे. मला लाज वाटायची, पण करणार काय?

त्यात ती झोपली तिरकी. झोळीत सरळ झोपलं तर कमान होते, तिरकं झोपलं तर पाठ सपाट राहते, हे तिच्या अंगात साठ वर्षं मुरलेलं. तीच सवय तिनं माझ्यावर चालवली. डोकं एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्या कोपऱ्याबाहेर फरशीवर. मेलितोन तिच्या काखेतून निसटून तिसऱ्या दिवशी आपल्या झोळीत परत गेला.

लँडी रोज फोनवरून सल्ले द्यायची. "आई, पाठीवर झोप, गुडघ्याखाली उशी घे." झोळीवाल्यांच्या घरात उशी कुठली? मेलितोननं मक्याची अर्धी गोणी आणून गुडघ्याखाली सारली. "आता कुशीवर हो, गुडघ्यांच्या मधे काहीतरी मऊ ठेव." तिथे त्याची जत्रेतली टोपी गेली. पालथं झोपून पाहिलं, तर प्लॅस्टिक नाकाला चिकटलं.

सकाळी खरी परीक्षा असायची. झोळीतून पाय खाली सोडले की माणूस आपसूक उभा राहतो. जमिनीवरून उठायला मात्र शेजारची तोमासा यायची. ती गावात अंग चोळून देते. एक हात तिनं धरायचा, एक मेलितोननं. "उठा महाराणी! काय थाट आहे! मला रोज दोन माणसं उचलतात का?"

"मेले, हसवू नकोस, कळ येते!" लाला रडकुंडीला येऊन म्हणायची.

तीन आठवड्यांत पाठ बरी व्हायची ती आणखी धरली. एके सकाळी ती माझ्या काठावर बसली आणि चक्क रडायला लागली. "माझी पोर रिकाम्या हातानं जाणार रे, मेलितोन. गावभर झोळ्या विकल्या मी, आणि पोटच्या पोरीची राहिली." त्या दिवशी मला माझी सोनेरी अक्षरं उसवून टाकावीशी वाटली. त्या दिवसापासून ती आपल्या जुन्या झोळीत झोपू लागली. ती झोळी म्हणजे नऊ वर्षांची, दहा ठिकाणी जोडलेली चिंधी. चांगल्या होत्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेलेल्या.

आता त्यांची एक सवय सांगते. तिथे उजाडलं की झोळी गोळा करून कडीला अडकवतात आणि खोली मोकळी करतात. अंथरूण दिवसा खाली राहिलं तर आजारपण मुक्काम करतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मेलितोन पहिल्या सकाळपासून मलाही रोज उभं करायचा. मोकळी भिंत एकच, दाराजवळची, उजेडाची. तिथेच विणायची चौकट. मी भिंतीला आणि चौकट माझ्यापुढे, मधे जेमतेम वीतभर फट.

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा लाला हट्टाला पेटून उठली. "दुखू दे, नाहीतर मोडू दे," म्हणाली आणि लाकडी सुई घेऊन त्या फटीत शिरली. जागाच नव्हती, त्यामुळे कंबर माझ्यावर टेकली. कर्र आवाज झाला. ती थांबली, आणखी जरा रेलली.

"हां," ती म्हणाली.

मी जीव एकवटून कडक राहिले. मेलितोन म्हणाला, "थांब, गादी बाजूला घेतो."

"हात लावशील तर बघ!"

त्या दिवशी तिनं दीड तास विणलं, दुसऱ्या दिवशी तीन. तोमासा बघायला आली. "अगं, गादीवर उभ्यानं झोपणारी तू पहिलीच!" ती हसत सुटली. हसू दे. लग्नाच्या दोन दिवस आधी झोळी पुरी झाली.

नवी झोळी विणणारीनं आधी स्वतः पडून बघायची असते. दुपारी घेवड्याची आमटी चुलीवर ठेवून लाला पाच मिनिटांसाठी तिच्यात तिरकी पडली, ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही. कण्हणं नाही, कूस बदलणं नाही. लँडी झोळी न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. मग तिची नजर कडीवरच्या त्या चिंधीकडे गेली.

"बाबा, आई इतकी वर्षं ह्यात झोपतेय?"

"चांगली झाली की विकते ती," मेलितोन म्हणाला.

 लँडीनं ती चिंधी कडीवरून काढली, घडी केली, नव्या फडक्यात बांधली आणि वर लाल फीत लावली; नवी झोळी आईलाच ठेवली. लग्नात आत्या-मावश्यांनी गाठोडं हातात घेऊन वजन पाहिलं. "लालाच्या हातची! काय भरगच्च!" दहा जोडांचं वजन होतं ते, पण सोडून कोण बघतंय?

लाला खूप भांडली. पण मुलगी हट्टात आईवरच गेलेली. मग लालानं दुसऱ्या दिवशी नवं सूत चौकटीवर चढवलं, लेकीची खरी झोळी विणायला.

म्हणून मी अजून उभी आहे. माझ्यावर आजवर कुणी धड झोपलेलं नाही. माझ्यात एक खळगा पडलाय, तोही कंबरेच्या उंचीवर. घासून घासून तेवढंच प्लॅस्टिक फाटलं, मेलितोन रोज हळहळतो, आणि त्या भोकातून लालाची पाठ थेट मला लागते. सकाळी ती फटीत शिरते, टेकते आणि म्हणते, "हां." एवढ्यावर माझा दिवस जातो.

तुम्ही गादी घ्यायला निघाला असाल तर घरी विचारून जा, आपलं माणूस झोपतं कसं. आणि कधी इकडे आलात, मला भिंतीला उभी पाहून कीव आली, तर कृपा करून मला आडवी करू नका.