आईच्या ओळखीचा ठिपका

माझी नात दर्शना अष्टमी गावात ब्यूटी पार्लर चालवते, टॅटूही काढते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथे जाऊन बसते. नदीवरून येणारा वारा, सेंटच्या बाटल्या, कुणाच्या तरी ओल्या केसांचा मागे उरलेला वास, या सगळ्यात मला डुलकी लागते, आणि जागी झाले तरी पुरती जाग येत नाही.

त्या दिवशी दर्शनाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आजी, ही इजिप्तमधली बाई बघ. चार हजार वर्षांपूर्वीची."

वाळून लाकडासारखी झाली होती ती. त्या काळी बायकांसोबत मण्यांच्या माळा, काजळाची डबी, सुगंधी तेलाची कुपीसुद्धा पुरत, असं दर्शना वाचून सांगत होती. मी बघत होते तिचा हात. त्यावर बारीक काळेनिळे ठिपके होते.

"गोंदलंय गो हिनं!" फुलं द्यायला आलेली पारी मागून डोकावत म्हणाली. पारी कासूकडच्या आमच्या गावाजवळच्या आदिवासी वाडीवरली, माझ्याच वयाची. नवरीच्या वेण्यांसाठी ती अजून रानातली फुलं आणून देते.

माझ्या आईच्या मनगटावर असेच पाच ठिपके होते. मी लहान असतानाच ती गेली. काकूंनी तिची नथ उतरवली, बुगड्या काढल्या, मोहनमाळ काढली. केसांत सुरंगीची वेणी तेवढी राहू दिली. त्या वासाने अंगण भरून गेलं होतं. बायका बोलत होत्या, सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर जातं. वर गेलेली आई लेकीला गोंदणावरून ओळखते.

माझं गोंदायचं राहूनच गेलं. आई नसलेल्या घरात ते कुणाला सुचलं नाही, आणि लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले, आता कोण गोंदतं?

आई गेली तेव्हा तिशीचीही नव्हती. माझ्यासारखी सुरकुतलेली म्हातारी समोर आली तर ती मलाच 'आजी' म्हणेल, आणि बाजूला सरून वाट देईल.

"दर्शना, माझ्या हातावर गोंद."

"काहीतरीच काय! तुला शुगर आहे. कातडी बघ, कागदासारखी झालीय."

"लगीन करतेस काय गो म्हातारे?" पारी फिदीफिदी हसली.

मग मी दोघींना कारण सांगितलं. पारीने फुलांची टोपली उगाच इकडची तिकडे केली. दुसऱ्या दिवशी दर्शना मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते हसले, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "एकच ठिपका. त्याहून जास्त नाही."

मी हिरमुसले. आईचे तर पाच होते.

"आयशीला एक पुरं," पारी म्हणाली. "ती काय मोजत बसणार हाय?"

दर्शनाने मनगट पुसलं, नवी सुई लावली. गोंदायचं मशीन भुंग्यासारखं गुणगुणू लागलं. दुखलं, पण लांबून कुठून तरी. डोळे मिटले तर सुरंगीचा पिवळा सडा दिसला, आणि हिरव्या बांगड्यांचा एक तरुण हात केळीच्या पानाआडून मला बोलावत होता. मी चालत निघाले. माझे पाय किती छोटे होते!

"झालं, आजी."

मनगटावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. मी तो बघतच राहिले.

दर्शनाने सुई बदलली आणि स्वतःचं मनगट माझ्यापुढे केलं. "आता मशीन तू धर."

"अगं, माझा हात कापतो."

"कापू दे. तू मलाही ओळखायला हवंस ना?"

तिने माझ्या हाताखाली आपला दुसरा हात धरला. तरी शेवटी मशीन हललंच.

"वाकडा झाला गो!" पारी ओरडली.

"वाकडाच बरा," मी म्हटलं. "गर्दीत चटकन सापडेल."