रसम वाढलं!

मी चंद्रिकाअम्माच्या हातातलं ओगराळं बोलतोय. पितळेचं, उभ्या दांड्याचं, आतून कल्हई केलेलं. कुंभकोणमच्या कासारानं मला ठोकून ठोकून घडवलं. सासूनं जाताना मला चंद्रिकाच्या हाती दिलं. तंजावरकडचं हे मराठी घर पुढं चेन्नईत, वेलचेरीला आलं, तसा मीही आलो.

दुपारी अम्मा घरच्या खाणावळीत बारा पानं वाढते. ऑफिसातली पोरं असतात, नि कोपऱ्यात एकटे राहणारे व्यंकटेश मास्तर. भातात खळी केली की तिथं रसम ओतायचं, एवढंच माझं काम. पण "पोदुम, पुरे" म्हणताना माणसाचा चेहरा कसा निवतो, ते माझ्याइतकं जवळून कोण बघणार?

परवा लेक मुरली म्हणाला, "अम्मा, गुडघे बघ तुझे! भांडी मांडून ठेवू, ज्याचं त्यानं घ्यावं. हे ओगराळं चढव माळ्यावर."

"आणि एखादा लाजरा उपाशी उठला तर?"

"आताशा कोण लाजतंय?"

माझं पितळ गार पडलं.

त्याच दुपारी अम्माचा गुडघा टम्म सुजला, म्हणून सून रंजनीनं मला उचललं. पोर तमिळ शाळेत शिकलेली, मराठी अडखळत बोलणारी. आतून अम्मानं पातेल्यात डोकावून हाक दिली, "अगे रंजनी, रसम वाढलं!"

रंजनीला वाटलं, सगळ्यांना वाढून झालं. ती मला ताकात बुडवायला निघाली. बघतो तर मास्तरांच्या भातातली खळी कोरडी! ते आपले मान खाली घालून बसलेले. आणि मला तोंड कुठलं ओरडायला?

तेवढ्यात तिची नजर गेली. "अय्यो! अम्मा, तुम्हीच म्हणालात ना वाढलं?"

"अगे वेडे, रसम संपलं गे! पण भरल्या घरात संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं."

मास्तर हसले. "इतकं वाढलं, की माझ्या पानापर्यंत पोचेना!"

अम्मानं स्वतःसाठी झाकून ठेवलेली वाटी माझ्यात ओतली. रंजनी वाकली, खळी भरली. "पोदुम, कण्णा, पुरे बाळ," मास्तर म्हणाले, आणि पोरीचाच चेहरा निवला.

मला धुऊन तिनं स्वतः खिळ्याला अडकवलं. दारातल्या मुरलीला म्हणाली, "उद्यापासून मी वाढणार. अम्मा बसून बघतील. तुम्ही ताक घ्या हाती."

दांडा आता डुगडुगतो माझा. पण रोज बारा वेळा 'पोदुम' ऐकतो, आणखी काय हवं? कधी तुटलोच, तर बायांनो, ओगराळं संपलं म्हणू नका.

वाढलं म्हणा.