एकोणीस चमचे

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणाला एक लांबट फट आहे, तिला सगळे माझं तोंड म्हणतात. पण मित्रांनो, तोंड असून बोलता येऊ नये, यासारखी शिक्षा नाही. आज मात्र सांगून टाकणार आहे. माझ्या पोटात एक गोष्ट अडकली आहे आणि ती मला गंजापेक्षा जास्त खाते.

जन्माने मी बिस्किटांचा. एका दिवाळीला नारायणरावांनी चिखलीच्या बाजारातून मला अमडापूरला आणलं. तेव्हा माझ्या अंगावर गुलाबाची फुलं होती. बिस्किटं चार दिवसांत फस्त झाली आणि त्यांच्या पत्नीने, अन्नपूर्णाबाईंनी, माझ्यात सुया, बटणं आणि दोऱ्याची रिळं भरली. तेरा वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं. कौतुक कोणी केलं नाही, पण शर्टाचं बटण तुटलं की सगळं घर मला शोधायचं. तेही काही कमी नव्हतं.

नारायणराव शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांचं जुनं वेड उफाळून आलं. हॉलीवूडचे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे सिनेमे! त्यांनी गावात रविवार मंडळ काढलं. दुपारी ओसरीच्या खिडक्यांना सतरंज्या बांधायच्या, भिंतीवर सिनेमा लावायचा, आणि नारायणराव बाजूला उभे राहून एकेक वाक्य मराठीत सांगणार. लोक आधी चहासाठी आले, मग सिनेमासाठी येऊ लागले. चहा अर्थात अन्नपूर्णाबाईंचा.

यंदा उन्हाळ्यात त्यांना एक कल्पना सुचली. तिकडे दर वर्षी सहाय्यक अभिनेत्रीला मोठं बक्षीस देतात आणि त्यासाठी आधी पाच जणींची नावं पुढे येतात. कुठल्याशा जुन्या वर्षाच्या त्या पाच जणींचे पाच सिनेमे पाच रविवारी बघायचे आणि सहाव्या रविवारी आपण मत द्यायचं, की खरी लायक कोण? इंग्रजी नावांवर जीभ वळेना, म्हणून निवडणुकीसारखी चिन्हं ठरली. छत्री, टोपी, मेणबत्ती, पंखा आणि ट्रे. मतपेटीचा मान मला मिळाला. छिन्नीचे चार घाव बसले आणि मला तोंड फुटलं. दुखलं खरं, पण छातीही फुगली. बटणं सांभाळणारा मी आता लोकांचं मत सांभाळणार होतो.

पहिल्याच रविवारी सिंधूताईंनी विचारलं, "सर, सहाय्यक म्हंजे काय?"

सिंधूताई गावच्या अंगणवाडीत बावीस वर्षं मदतनीस आहेत. पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, पातेली घासायची. नारायणराव मनात उत्तर जुळवत होते, तेवढ्यात कप वाटता वाटता अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मदतनीस वं. दुसरं काय!"

बायकांत हशा पिकला. सिंधूताई मात्र हसल्या नाहीत, सरसावून बसल्या. आपल्या कामाला जगात कुठे तरी बक्षीस असतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

झालं, सगळा घोटाळा तिथूनच. अभिनय बघायचा सोडून बायका मदत कोण करतं ते बघू लागल्या. छत्रीवाली मावशी नुसते फुकटचे सल्ले देते, ती गेली. टोपीवाली मैत्रिणीचाच नवरा पळवते, तिला तर "हे कायची मदतनीस!" म्हणून सगळ्यांनी निकालात काढलं. पंखावाली ही मोठी बहीण, ती स्वतः मरायच्या आधी आठ मिनिटं रडते. तिथे नारायणराव मराठी सांगायचे थांबले आणि चष्मा काढून पुसू लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "इतकी रडते, पन घरातलं एक काम तं करत नाई." नारायणरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

ट्रेवाली पाचव्या सिनेमात होती. घरकामाची बाई. चार-पाच वेळा दिसते आणि दोन वाक्यं बोलते, बस.

सहाव्या रविवारी मत देण्याआधी ज्याला बोलायचं त्याने बोलावं, असं ठरलं. कोणी उठेना. मग सिंधूताई उठल्या. गावच्या सभांत त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि उचलल्या होत्या, पण बोलल्या कधीच नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या,

"मले ट्रेवाली आवडली. मालकिनीले पोरगं मेल्याचं पत्र येते ना, तवा ही बाई चहा घेऊन दारात उभी राह्यते. मालकीन रडून राह्यली, समदे तिच्याकडं पाहून राह्यले. मी ह्या बाईच्या हाताकडं पाह्यलं. थरथरून राह्यले होते तिचे हात. मंग तिनं काय केलं, बशीतला चमचा अंगठ्यानं दाबून धरला. वाजू नाई देला. मालकिनीच्या रडण्यात आपला आवाज नाई येऊ देला. सर, त्या पोराले तिनंच वाढवलं होतं. तिले बी रडू येतच असन ना? पन ते कोनी इचारत नाई. आमाले समजते ते."

नारायणरावांनी तो सिनेमा आयुष्यात कितीतरी वेळा पाहिला होता. चमचा त्यांना कधी दिसला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

ज्याने त्याने आपल्या पसंतीचं चिन्ह चिठ्ठीवर काढलं आणि एकतीस चिठ्ठ्या माझ्या तोंडातून आत पडल्या. अन्नपूर्णाबाईंना चिठ्ठी द्यायचं कोणालाच सुचलं नाही. त्या आत चहा उकळत होत्या.

नारायणरावांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. टेबलावर त्यांचा लेख तयार होता. पुण्याच्या एका मासिकाने मागवलेला, त्यांच्या आयुष्यातला पहिला. निकाल लागण्याआधीच त्यांनी पंखावालीवर तीन पानं लिहून ठेवली होती. तिकडचं बक्षीसही तिलाच मिळालं होतं. तेव्हा अमडापूर आणि हॉलीवूड यांचं एकमत, असा लेखाचा झोकदार शेवट होता.

त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. एकोणीस चिठ्ठ्यांवर चमचा निघाला. कोणाचा वाकडा, कोणाचा पळीएवढा. ट्रे कोणीच काढला नव्हता. पंख्याला सात मतं होती.

त्यांनी त्या एकोणीस चिठ्ठ्या बाजूला सारल्या. माणूस वाईट नाही हो. पण स्वतःच्या बाजूने भांडायला माणसाला वकील शोधावा लागत नाही. "चिन्ह ट्रे होतं. चमचा नव्हतंच," ते पुटपुटले. "आणि यांनी अभिनयाला कुठं मत दिलं? शब्दच चुकीचा समजला यांनी. बाद." एवढं म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या परत माझ्यात कोंबल्या आणि लेखाच्या पानांवरून हात फिरवला. पुण्याची माणसं हसतील ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला ती दिसली.

बाहेर जाऊन त्यांनी जाहीर केलं, "पंखा पहिला!"

विरळ टाळ्या वाजल्या. चमचा काढणाऱ्या प्रत्येक बाईला वाटलं की आपण एकट्याच पडलो. सर खोटं बोलतील असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. सिंधूताई मान खाली घालून म्हणाल्या, "हाव सर. तुमाले जास्त समजते. आमी काय, अडानी मानसं."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. माझ्या पोटात एकोणीस साक्षीदार होते! पण डब्याचं कोण ऐकतं? नारायणरावांनी मला माळ्यावर टाकून दिलं. पुढच्या रविवारी सिंधूताई आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. कोणी बोलवायला गेलं की म्हणायच्या, "आपल्याले त्यातलं नाई समजत." बायका ओसरीवर येऊन हे सांगायच्या, ते माळ्यावर पडल्या पडल्या मी ऐकायचो आणि मला माझीच लाज वाटायची.

पोळ्याच्या आधी अन्नपूर्णाबाईंनी बटणांसाठी मला खाली काढलं. झाकण उघडलं, चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या, मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग चहा केला आणि नवऱ्यापुढे कप ठेवला तो असा, की बशीतला चमचा खणकन वाजला.

"एकोनीस चमचे हायेत डब्यात."

नारायणराव दचकले. "ती मतं बाद होती. चिन्ह ट्रे ठरलं होतं."

"सिंधूताई दोन महिने झाले, येऊन नाई राह्यली. ते बी बाद का?"

"लेख छापून आला आता," ते हळूच म्हणाले.

"मले तं चिठ्ठीच नाई देली कोनी. देली असती तं वीस झाले असते."

त्यांनी मला पिशवीत घातलं आणि तशाच अंगणवाडीत गेल्या. सिंधूताई पातेलं घासत होत्या. त्यांनी हात पुसले आणि एकेक चिठ्ठी उघडत गेल्या. एकोणिसावी उघडून त्यांनी ती मांडीवर नीट सपाट केली. मग लहान पोरीने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"म्हंजे मी चुकली नोती?"

"नाई वं माय. तू नाई चुकली."

"मंग सर काऊन तसे बोलले?"

अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तेव्हापासून मी अंगणवाडीत आहे. सिंधूताईंनी चिठ्ठ्या माझ्या तळाशी तशाच ठेवल्या आणि वर पोरांचे रंगीत खडू भरले. पोरं माझ्या तोंडातून चिंचोके टाकतात आणि खुळखुळा वाजवतात. दिवस वाईट जात नाहीत. पण सिंधूताई अजून सिनेमाला जात नाहीत, आणि दुपारी दारात कोणाची सावली पडली की त्या झटकन वर बघतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. माझा पत्रा आहेच किती दिवसांचा! पण ज्या डब्यात लोकांचं मत टाकाल, तो लोकांसमोरच उघडा. आत जे निघेल ते तुमच्या मनासारखं नसलं तरी वाचून दाखवा.

आणि नारायणराव, तुम्ही इतक्या बायांची इंग्रजी वाक्यं आम्हाला मराठीत सांगितलीत. आता एकच वाक्य राहिलं आहे. तुमच्या घरापासून अंगणवाडी दोन गल्ल्या आहे. तेवढं चालत या आणि ते सिंधूताईंना तुमच्याच तोंडाने सांगा.