दिल्ली वेशीत तीन बैल

किन्हीराजाच्या शाळेची सहल कारंज्याला निघाली तेव्हापासून राजूनं संगीताला सळो की पळो करून सोडलं होतं. तिचा आजा हेमला तांड्यात सांगायचा, की आपले लमाण मिठाच्या, धान्याच्या गोण्या बैलांवर लादून कारंज्यात यायचे. तिथल्या दिल्ली वेशीतून तीन लादलेले बैल शेजारी शेजारी जायचे आणि एकाचीही गोणी दगडाला घासायची नाही.

"तीन बैल! थापाड्या हाय तुहा आजा," राजू म्हणाला. "आज पाहूनच घेऊ."

आजा खोटा ठरला, तर सगळ्या वर्गापुढं त्याचं हसं होणार होतं, आणि ते तिला सोसवलं नसतं.

सकाळी जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम बघून पोरांच्या माना दुखल्या होत्या. दुपारी रस्त्याच्या टोकाला वेस दिसली आणि संगीताचं तोंडच उतरलं. लांबून ती चिंचोळी वाटत होती. एक ऑटो शिरला तरी भरल्यासारखी.

मग ती कमानीखाली आली आणि बघतच राहिली. मान मागं टाकली तरी दगड संपेना. माणसांनीच चढवले असतील हे एवढ्या वर? राजूही मान वर करून बघत होता, पण खोड थोडीच जाते.

"मोज आता," तो म्हणाला.

"एका बैलाले तीन पोरं," संगीता म्हणाली. "मधात बैल, बाजूले दोन गोण्या."

नऊ पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. राजू कडेची गोणी झाला, तोही मुद्दाम कोपर फाकवून. सुकेशनी म्याडमनी दोन्ही हात पसरून मागच्या गाड्या अडवल्या. रांग निघाली. संगीतानं भीतीनं डोळेच मिटले.

"संगे," राजूचा आवाज आला, "पाह्य इकडं."

त्यानं हात लांब केला होता आणि बोटं भिंतीला टेकत नव्हती.

"अजून एक बैल मावते इथं."

म्हणजे आज्यानं वाढवून नव्हे, कमीच सांगितलं होतं! संगीताचे डोळे भरून आले.

"त्या तीनच्या मागं किती बैल राहत होते?" राजूनं हळूच विचारलं.

तिनं वळून पाहिलं. वेशीबाहेर ऑटो, मोटारसायकली, टेम्पो, पार नजर पोचेल तिथवर थांबले होते.

"याच्याहून जास्त," ती म्हणाली.

राजूनं त्या रांगेवरून टोकापर्यंत नजर फिरवली.

"मंग चाल ना पुढं," तो म्हणाला. "आपले मागचे बैल खोळंबून राह्यले."