कसब्याचा गुण्या

सीताराम सुताराचा गुण्या इतका खरा, की कसबा पेठेत उन्हाची तिरीपसुद्धा त्याच्या दुकानाच्या दारात आधी काटकोनात उभी राहायची आणि मगच आत शिरायची. बघायला गेलं तर त्यात होतं काय? शिसवी दांड्यात बसवलेली एक पोलादी पट्टी. दांडा फळीच्या कडेला टेकवायचा, पट्टीला धरून पेन्सिलीने रेघ ओढायची, की झाला कोपरा नव्वद अंशाचा. पण हा गुण्या वडिलांचा, अण्णांचा होता. वडील गेल्यावर थोरला म्हणून तो सीतारामकडे आला आणि त्याच्या पाठोपाठ पेठेतला शेवटचा शब्दही आला. कुणाची खिडकी कुरकुरली, कुणाचं दार लागेना, की सीताराम गुण्या लावायचा, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. त्यावर अपील नव्हतं.

धाकटा मच्छिंद्र अशाच एका निकालावर दुकानाबाहेर गेला. त्याने बाजारातून स्वतःचा नवा स्टीलचा गुण्या आणला होता, आणि तेव्हापासून त्याने केलेले खण सीतारामच्या कपाटात बसेनात. सीतारामने वडिलांचा गुण्या लावला, डोळा मिटला आणि म्हणाला, "तुझा हातच वाकडा आहे." मच्छिंद्रने हत्यारांची पिशवी उचलली आणि हडपसरला जाऊन बिऱ्हाड केलं.

हडपसरला त्या दिवसांत उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवत होत्या. पाणी नाही, खत नाही, तरी वर्षाला चार मजले. अशाच एका इमारतीत रविराज फर्निचरची कंत्राटं घेत होता. त्याच्या आजोबांचा ऊस बरोबर त्याच जागी उभा असायचा. एका कॉम्प्युटर कंपनीचा मजला त्याच्याकडे आला. खिडकीपासून निघणारी टेबलांची लांब रांग त्याने सीतारामला दिली, आणि रांग जिथे संपणार तिथलं लाकडी पार्टिशन, त्यातल्या दारासकट, मच्छिंद्रला. दोघं भाऊ आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. दोघांनीही सांगितलं नाही.

टेबलं जोडायला घेतली. पहिली चार शहाण्या मुलांसारखी भिंतीला धरून उभी राहिली. पाचवं जरा कललं. पुढची सगळी त्याच्या नादाला लागली. शेवटचं टेबल तर असं निघालं होतं, की मध्ये पार्टिशन नसतं तर संध्याकाळच्या आत सासवड गाठलं असतं. पार्टिशनला ते चिकटून बसायचं, तर एका टोकाला पोस्टकार्ड जाईना आणि दुसऱ्या टोकाने मांजर शेपटी वर करून आरपार जाईल एवढी फट.

रविराजने ती फट बघितली आणि दोघांनाही समोर बोलावलं.

"दोघांतला एक वाकडा हाय," तो म्हणाला. "कोन, ते तुमीच सांगा. सोमवारी अमेरिकेची मानसं यायची हायेत. ज्याचं वाकडं, त्यानं ते जुळवायचं, आन वरच्या मजल्याच्या कामाचं नाव काढायचं न्हाई."

सीतारामने पिशवीतून गुण्या काढला. पार्टिशन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात लावला. पट्टीमागून उजेड दिसला. "मला कशाला विचारता, साहेब? याला विचारा," तो म्हणाला. "पार्टिशन वाकडं."

मच्छिंद्रचा स्टीलचा गुण्या त्याच्या पिशवीतून डोकावत होता. त्याने तो बाहेर काढला नाही. थोरल्या भावाकडे बघितलं, वडिलांच्या गुण्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बरं."

हा मच्छिंद्र लहानपणापासून एकाला अडीच उत्तरं देणारा. त्याने नुसतं "बरं" म्हणावं? ते "बरं" परतीच्या बसमध्ये तिकीट न काढता सीतारामच्या शेजारी बसलं, महापालिकेच्या थांब्यावर त्याच्या मागोमाग उतरलं आणि घरात येऊन पाटावर बसलं.

बायको, चंद्रभागा, भाजी चिरत होती. तिला मंडईत मालनबाई भेटल्या होत्या. मालनबाई आता पेठ सोडून बिबवेवाडीच्या नव्या फ्लॅटमध्ये गेल्या होत्या, आणि सीतारामने केलेलं त्यांचं कपाट तिथे भिंतीला पाठच लावेना. इथे कसं अंगच्या कातड्यासारखं बसलं होतं, तिथे रुसल्यासारखं फटकून उभं राहतं, अशी त्यांची तक्रार.

"भिंत वाकडी असेल," सीताराम म्हणाला.

"बरोबर आहे," चंद्रभागा म्हणाली. "सगळं पुणं वाकडं. आपणच तेवढे सरळ."

सीताराम उठून खाली दुकानात गेला. अजून उजेड होता. गुण्या तपासायची रीत शेंबड्या पोरालाही येते: फळीच्या सरळ कडेला तो टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. सीतारामने हे आयुष्यात कधी केलं नव्हतं. बापाची परीक्षा घेणारा मुलगा त्या घरात जन्माला यायचा होता.

त्याने पहिली रेघ मारली. गुण्या उलटा केला. दुसरी मारली. खाली दोन्ही रेघा एकाच बिंदूतून निघाल्या होत्या, आणि वर जाता जाता त्यांच्यात तांदळाचा दाणा मावेल एवढं अंतर पडलं होतं.

त्याने फळी बदलून पुन्हा केलं. दाणा तिथेच.

आता कसब्यात सरळ भिंत औषधालाही सापडायची नाही. एक पोट काढून उभी, दुसरी शेजारच्या घराच्या खांद्यावर मान टाकून. वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून गुण्याने त्यांची चाल उचलली होती. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याचं झालं तेच. वाकड्या घरात वाकडं कपाट चपखल बसायचं आणि लोक सीतारामला हात जोडायचे. हडपसरला मात्र प्रत्येक टेबल पुढच्या बाजूला केसभर निमुळतं झालं होतं, आणि केसाला केस जोडत रांग वळली होती.

त्याच्या समजुतीने हे कुणालाही ठाऊक नव्हतं. गुण्या खुंटीला अडकवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं. सीताराम जेवायला बसला आणि पानावरून तसाच उठला.

सकाळी तो हडपसरला पोचला तेव्हा मच्छिंद्र भुसा झाडत होता. पार्टिशनची चौकट त्याने एका बाजूने रंधून काढली होती, दुसऱ्या बाजूला निमुळती पट्टी ठोकली होती आणि दार तिरकं करून बसवलं होतं. शेवटचं टेबल पार्टिशनला असं चिकटलं होतं की मध्ये काडी जाईना.

सीतारामने जोडावरून हात फिरवला. "हे सरळ होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग काल का बोलला नाहीस?"

"काय बोलणार, दादा? अण्णांचा गुण्या खोटा आहे म्हणून? ते पण या माणसासमोर?" मच्छिंद्रने रंध्याचं पातं फुंकलं. "आता तू पण बोलू नकोस. एक वाकडं असलं की लोक बोट दाखवतात. दोन वाकडी जुळली की त्याला डिझाईन म्हणतात."

सीताराम तडक रविराजकडे गेला आणि मच्छिंद्रला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. रविराज एका कानाला मोबाइल लावून ऐकत होता.

"बसलं न्हवं, मिस्त्री? मंग झालं," तो म्हणाला. "वरचा मजला तुमाला. टेबलं बी आन दारं बी."

"वरचा मजला त्याला द्या."

"त्याला तर तुमीच वाकडा म्हनला."

"वाकडा मी होतो. मिस्त्री तो. मी त्याच्या हाताखाली राहतो."

रविराजने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. वेळेत काम झालं की मिस्त्री कोण हे आपण विचारत नाही, असं म्हणून तो पुन्हा मोबाइलवर बोलू लागला.

सोमवारी अमेरिकेची माणसं आली. ती किंचित वळलेली रांग त्यांना एवढी आवडली की त्यांनी तिचे फोटो काढले. चहा झाला, टाळ्या झाल्या. सीताराम जिन्यात उभा होता. प्रत्येक टाळी त्याला कानशिलात बसल्यासारखी लागत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं वरच्या रिकाम्या मजल्यावर गेले. पहिली फळी कापायच्या लाकडी घोडीवर चढवली. इतक्या वर्षांच्या सवयीने सीतारामने हात पुढे केला, स्टीलचा गुण्या मागायला.

मच्छिंद्रने तो दिला नाही. "रेघ मी मारणार," तो म्हणाला. "तू फळी धर."

सीतारामने दोन्ही हातांनी फळी धरली. मच्छिंद्रने गुण्या टेकवला, पेन्सिल जिभेला लावली आणि थांबला.

"दादा, हलतोयस."

"नाही हलत," सीताराम म्हणाला, आणि फळी आणखी घट्ट दाबून धरली.