माझ्या पोटातले तीन ब्राउझर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी तीन बटणं पडली आहेत, पंखा चढण चढलेल्या आजोबांसारखा धापा टाकतो, आणि मी चालू होईपर्यंत माझ्या मालकिणीची, एसिनामची, भेंडी चिरून होते. तरुणपणी मी एका थंड देशातल्या कचेरीत होतो. तिथे माझ्याशी कोणी बोलत नसे. पुढे त्या लोकांनी मला म्हातारा ठरवलं आणि वापरलेल्या फ्रिज-सायकलींबरोबर जहाजात घालून घानाला पाठवलं. अशा रीतीने मी तिथल्या केटा नावाच्या गावच्या बाजारात आलो आणि तिथे मला तरुण म्हणून विकण्यात आलं.

मला एसिनामने घेतलं. समुद्राच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की काब्याच्या, म्हणजे इथल्या बायकांच्या पोलक्याच्या, बाह्यांचे नमुने दाखवायचे, हे माझं काम. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले, वीज दिवसाआड रुसायची, पण इथे दिवसभर माणसं माझ्याशी बोलायची, बरंचसं वाईटच. मला ते आवडायचं.

माझ्या पोटात तीन ब्राउझर राहत. इंटरनेटवर जायचं तर त्यांच्यापैकी एकाच्या दारातून जावं लागतं. त्यांची खरी नावं सांगत नाही, उगाच कोणाची बदनामी नको.

पहिला चटपट्या. एक अक्षर दाबा, पुढचं वाक्य तो पुरं करणार. पासवर्ड पाठ, नमुने पाठ, कोणत्या बाईला कसली बाही आवडते तेही पाठ. बायका म्हणत, "मॅडमचा संगणक मनातलं ओळखतो." काम त्याचं असे, कौतुक माझं होई. मी ते निमूटपणे घेत असे.

दुसरा चिक्कू. डेटा वाचवण्यात पटाईत. पण त्याच्याकडून आलेला लेसचा फोटो मक्याच्या पेजेसारखा दिसायचा. शिवाय प्रत्येक पान तो आधी स्वतःच्या घरी न्यायचा आणि घडी घालून आणायचा. आता घडी घालणारा कपडा बघतोच, नाही का? तरी महिनाअखेरीला सगळ्यांना त्याचीच आठवण यायची.

तिसरा विसराळू. दार लावलं की झालेलं सगळं विसरला. रोज नव्याने पासवर्ड मागायचा आणि व्हिडिओ लावला तर अडखळायचा. एसिनामचा नवरा सेलॉर्म शाळामास्तर आहे. त्याने एकदाच विसराळूला वापरून पाहिलं आणि म्हणाला, "हा म्हणजे माझा चौथीचा वर्ग. काल शिकवलेलं आज पुन्हा." त्यानंतर विसराळूकडे कोणी फिरकलं नाही.

अशी वर्षं चालली होती. मग एसिनामला दिवस गेले.

याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा बातमी लवकर फुटली, आळी अभिनंदनाला आली आणि थोड्याच दिवसांत तीच आळी, त्याच खुर्च्यांवर, सांत्वनाला येऊन बसली. पोट आपण होऊन बोलेपर्यंत माणसाने बोलू नये, असं केटात म्हणतात. एसिनामने ठरवलं, या खेपेला कोणालाही सांगायचं नाही. सेलॉर्मलासुद्धा नाही, कारण त्याच्या पोटातलं लगेच तोंडावर उमटतं. पुन्हा त्या खुर्च्या मांडण्याची ताकद तिच्यात नव्हती.

पण भीती गप्प बसत नाही. तिसऱ्या महिन्यात आल्याचा चहा चालतो का? पाय मारायचं शिलाई मशीन चालवावं का? हे सगळं तिने विचारलं, आणि सवयीने चटपट्याला विचारलं.

तिची सासू आब्ला दर शुक्रवारी दुकानात यायची, गावोगावच्या अंत्यविधींचे व्हिडिओ बघायला. कोण रडलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. कोणी कसलं कापड नेसलं होतं आणि ते कोणी शिवताना बिघडवलं होतं, एवढंच तिला बघायचं असे. त्या शुक्रवारी शवपेटी समोर आली आणि तिच्या शेजारी उमटले पिवळे मोजे, बोटभर लांबीचे. मग लंगोट. मग पाळणा.

"पोरी," आब्ला म्हणाली, "मयताच्या शेजारी लंगोट कोण विकतंय?"

"जाहिरात आहे, आई. सगळ्यांनाच दिसते."

"मला तर मागच्या शुक्रवारी मासे भाजायची जाळी दाखवली होती."

"जाहिराती बदलतात, आई."

"बदलत असतील," आब्ला म्हणाली आणि पुन्हा शवपेटीकडे बघू लागली.

त्या दुपारी एसिनामने चटपट्याची सगळी आठवण पुसली आणि आपले प्रश्न घेऊन विसराळूच्या दारात गेली. अडखळत का होईना, त्याने उत्तरं दिली आणि दार लावताच विसरून गेला. मित्रांनो, विसराळू म्हणजे काही अदृश्य नव्हे. बाहेरच्या तारेवरून काय जातं याचा सुगावा इंटरनेट पुरवणाऱ्या तारवाल्याला लागतोच. पण तारवाला शुक्रवारी दुकानात येऊन बसत नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. पुसापुशीत पासवर्ड गेले, जपलेले नमुने गेले. एक नवरी मुलगी तिची पसंत केलेली बाही सापडेपर्यंत ताटकळली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या संगणकाला काय झालंय? आधी किती हुशार होता." मला ते लागलं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळी सेलॉर्म फुटबॉल बघायला बसला. एक अक्षर दाबलं, पुढे काही आलं नाही.

"हे कोणी पुसलं?"

"मी," एसिनाम म्हणाली.

"का?"

"साठलं होतं फार."

"एसिनाम, कधी नव्हे ते घर झाडून काढलेलं दिसलं की माणूस विचारतोच, कोण येणार आहे."

तिला हसू आलं. ते त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माझ्यापासून लपवण्यासारखं आहे का काही?"

"सांगेन. पण मी सांगेन तेव्हा."

त्याने ताटातलं मक्याच्या पिठाचं अक्पले अर्धवट टाकलं, हात धुतले आणि सामना न बघताच उठला. त्या आठवड्यात दुकानात माझ्या पंख्याचाच काय तो आवाज होता.

शुक्रवारी आब्ला आली तेव्हा शाळा लवकर सुटल्यामुळे सेलॉर्मही दारात पेपर तपासत होता. एसिनाम सवयीने चटपट्याला उघडू लागली.

"त्यात नको," आब्ला म्हणाली. "त्या विसराळूत लाव."

"आई, त्यात व्हिडिओ अडकतो."

"अडकू दे. मयत काही पळून जात नाही."

एसिनामने तसा लावून दिला आणि ती मशीनवर जाऊन बसली. सेलॉर्म कडवट हसला. "आता तूही, आई? तुला कसली लपवाछपवी?"

आब्लाने नजर पडद्यावरून हलवली नाही. "माझे डोळे काय बघतात ते माझ्या तोंडाला कळवायचं की नाही, हे मी ठरवते. तू पेपर तपास."

मशीनवरचा एसिनामचा पाय थांबला. सासूला कळलं होतं, आणि आठवडाभर आळीत एक शब्द गेला नव्हता. सुई वर होती, तशीच राहिली.

आब्ला घरी गेल्यावर एसिनामने फळ्या लावल्या, सेलॉर्मच्या हातातला लाल पेन काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितलं. काय शब्द वापरले ते मी ऐकले. ते तुम्हाला सांगणार नाही.

सेलॉर्मने तपासायचे पेपर बाजूला ठेवले. मग तो माझ्यासमोर येऊन बसला, विसराळूला उघडलं आणि दोन बोटांनी हळूहळू लिहिलं: बायकोला दिवस गेले की नवऱ्याने काय काय करावं. उत्तर लांबलचक होतं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, दार लावलं आणि उठून मशीनच्या पायडलला तेल घातलं.

मुलगी झाली. आठव्या दिवशी तिला उन्हात आणून तिचं नाव ठेवलं, तेव्हा कुठे आळीला खुर्च्या मिळाल्या. आता ती माझ्या उरलेल्या बटणांवर थापा मारते. दुकानात नवा संगणक आला आहे, मी कोपऱ्यात आहे. पण घरातलं काही मनातलं विचारायचं असलं की सगळे एकेकटे माझ्याकडे येतात.

मित्रांनो, माझ्यासारखं कोणी तुमच्या घरी असेल तर त्याच्या पंख्यातली धूळ अधूनमधून पुसा. आणि ब्राउझर निवडताना तो किती पळतो, किती सोयीचा आहे, हे जरूर बघा. बाह्या दाखवायला चटपट्याच हवा, हे मीही मान्य करतो. फक्त आपल्या जिवाचं काही विचारण्याआधी त्याला एवढं विचारा: बाबा रे, माझी बातमी माझ्याआधी सांगणार नाहीस ना?